खान्देशातून गेलेला मुसाफिर

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील व्याख्यान)



'प्रवास आणि शिक्षण' हा विषय मला देण्यात आला आहे. दूरदेशच्या प्रवासाची वर्णने आपण सर्वजण आवडीने वाचतो. बर्फाची शिखरे, निळे समुद्र, परक्या भाषेचे बाजार असे काही असले म्हणजे तो खरा प्रवास, आणि आपला खान्देश म्हणजे ऊन, कापूस, केळी आणि धूळ, यात पाहण्यासारखे ते काय, अशी आपली समजूत असते. म्हणून आज मी आपणास अशा एका मुसाफिराची ओळख करून देणार आहे, की ज्याच्या लेखी खान्देश हाच दूरदेश होता. तो सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखातून गेला आणि जे पाहिले ते लिहून ठेवून गेला. त्याचे नाव इब्न बतूता.

हे नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. सर्वेश्वरदयाल सक्सेना यांच्या हिंदी बालकवितेमुळे ते आपल्या मुलांनाही ठाऊक असते. पण हा माणूस खरोखरीचा होता, आणि तो नंदुरबारला येऊन गेला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

इब्न बतूताचा जन्म १३०४ साली मोरोक्कोतील टँजियर या बंदराच्या गावी झाला. घराणे काझींचे, म्हणजे कायदा आणि धर्मशास्त्र जाणणारे. १४ जून १३२५ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजला म्हणून एकटाच घरातून बाहेर पडला. आईवडील दोघेही हयात होते. त्यांना सोडून जाताना मन किती जड झाले हे त्याने लपवलेले नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर पाठीवर एक पडशी टाकून निघालेला हा एक पदवीधर तरुण होता.

पहिल्याच टप्प्यात त्याची परीक्षा झाली. ट्युनिसच्या वाटेवर तापाने तो इतका खंगला की, घोड्यावरून पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले. ट्युनिसला पोचल्यावर गावकरी सामोरे आले. ते ज्याला त्याला नावाने ओळखून सलाम करू लागले. याला मात्र कोणी सलाम केला नाही, कारण याला ओळखणारे तेथे कोणी नव्हते. हा एकवीस वर्षांचा तरुण चारचौघांत रडू लागला. ते एका यात्रेकरूच्या लक्षात आले. तो पुढे आला, त्याने सलाम केला आणि गावात पोचेपर्यंत त्याच्याशी गोड बोलत राहिला. त्या रात्री इब्न बतूताला पुस्तकविक्यांच्या मदरशात उतरायला जागा मिळाली.

मित्रहो, या सबंध प्रवासाचे मर्म मला या प्रसंगात दिसते. पुढे सुमारे तीस वर्षांत तो किती फिरला याचा अंदाज अभ्यासक १ लाख १७ हजार किलोमीटर असा देतात. त्याच्या पायांचे कौतुक जगाने पुष्कळ केले आहे. पण वाटेत ज्यांनी सलाम केला, ज्यांनी दार उघडले, ज्यांनी रात्रीची भाकरी दिली, त्यांचे काय? मुसाफिर एकटा निघतो खरा. त्याला पोचवतो तो समाज.

आपल्या धर्मात मुसाफिराचा विचार बारकाईने केलेला आहे. प्रवासात चार रकातींची नमाज दोन रकातींची होते. रोजा पुढे ढकलण्याची मुभा मिळते. जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत एक आहे 'इब्नुस् सबील'. म्हणजे शब्दशः वाटेचा पुत्र, वाटसरू. घरी तो सधन असेल, पण वाटेत अडला असेल तर जकातीत त्याचा वाटा आहे. त्याला मिळते ती भीक नव्हे, तो त्याचा हक्क आहे. हा फरक आपण नीट ध्यानात ठेवू या, कारण शेवटी मला त्याच मुद्द्यावर यायचे आहे.

या विचाराला दगडविटांचे रूप कसे आले ते इब्न बतूताने दमास्कस शहरात पाहिले. १३२६ च्या ऑगस्टमध्ये तो तेथे पोचला. त्या शहरातील वक्फांची यादी त्याने मोठ्या आश्चर्याने दिली आहे. हजला जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्या बदल्यात जाणाऱ्याचा खर्च देणारा एक वक्फ. गरीब मुलींना लग्नाचा साज देणारा दुसरा. कैद्यांना सोडवण्यासाठी तिसरा. वाटसरूंना अन्न, वस्त्र आणि घरी परतण्याचे साधन देणारा चौथा. रस्त्यांच्या फरसबंदीसाठी पाचवा. आणि यांहून आगळा असा एक वक्फ त्याला योगायोगाने समजला.

एका गल्लीतून जाताना त्याने एक पोरगा पाहिला. तो कोणाचा तरी गुलाम होता. त्याच्या हातून चिनी मातीचे तबक पडून फुटले. लोक जमले. त्यांतला एकजण म्हणाला, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाच्या व्यवस्थापकाकडे घेऊन जा. पोराने तुकडे नेऊन दाखवले आणि व्यवस्थापकाने तसले दुसरे तबक घेण्यापुरते पैसे त्याच्या हातावर ठेवले. हा वक्फ नसता तर त्या पोराला मालकाचा मार खावा लागला असता, निदान बोलणी तरी. आणि त्याचे मन मोडले असते. तेव्हा हा वक्फ मोडलेली मने सांधणारा आहे, असा इब्न बतूताचा अभिप्राय आहे.

कल्पना करा! फुटलेल्या भांड्यांसाठी निधी! ज्या कोणी तो स्थापन केला असेल, त्याला लहान माणसाची भीती काय असते हे ठाऊक असले पाहिजे.

दमास्कसच्या उमय्या मशिदीत बसून त्याने 'सहीह बुखारी' चौदा बैठकांत ऐकली. तेथील विद्वानांकडून त्याला इजाजत, म्हणजे आजच्या भाषेत प्रमाणपत्रे, मिळाली. ती देणाऱ्यांत झैनब बिन्ते अहमद ही विदुषीही होती, असे त्याने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. एक पुरुष विद्यार्थी आणि प्रमाणपत्र देणारी बाई, हे चौदाव्या शतकातले चित्र आहे. आमच्या मुलींनी आणि मुलींच्या वडिलांनी याची नोंद घ्यावी.

मक्केहून पुढे इराक, इराण, यमन, आफ्रिकेचा पूर्व किनारा, तुर्कस्तान असा फिरत तो १२ सप्टेंबर १३३३ रोजी सिंधू नदीवर पोचला. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमले. आठ-नऊ वर्षांनी सुलतानाने त्याला आपला वकील म्हणून चीनला धाडले, आणि त्या वाटेवर, १३४२ च्या सुमारास, तो आपल्या मुलखात आला. या वेळी तो पडशीवाला गरीब विद्यार्थी नव्हता. बरोबर नजराणे होते, घोडेस्वार होते. तरीही पाहण्याची नजर त्याच तरुणाची राहिली होती.

दिल्ली ते दौलताबाद हा रस्ता चाळीस दिवसांचा, आणि दुतर्फा झाडी इतकी की बागेतून चालल्यासारखे वाटे, असे तो म्हणतो. दौलताबादचा किल्ला पाहून तो थक्क झाला. तिथल्या तळघरातील कैद्यांची आणि मांजरांपेक्षा मोठ्या उंदरांची हकीकत त्याने दिली आहे. ती वाचताना अंगावर काटा येतो. तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हेही त्याने टिपले. आपण सहलीला गेलो की किल्ल्यावरची तोफ पाहतो आणि खाली उतरतो. हा माणूस किल्ला पाहतो, तुरुंग पाहतो, बाजार पाहतो आणि फळे कोणत्या हंगामात येतात हेही विचारतो. पाहणे म्हणतात ते याला!

दौलताबादहून तो नंदुरबारला गेला. आज त्या दिशेने जायचे तर कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, धुळे, दोंडाईचा करीत एस.टी.ने दिवसभरात पोचता येते. नंदुरबार १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी तो आपल्या धुळे जिल्ह्याचाच भाग होता. इब्न बतूता लिहितो की, हे लहानसे गाव असून वस्ती मराठ्यांची आहे. मराठे म्हणजे येथे मराठी मुलखातील लोक असे समजावे. हे लोक कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. भात, भाज्या आणि तिळाचे तेल हे त्यांचे अन्न. मुक्या जनावराला दुखावणे त्यांना आवडत नाही. जेवणाआधी ते अंघोळ करतात. सात पिढ्यांच्या आत सोयरीक करीत नाहीत. दारू पिणे हे मोठे पाप मानतात.

आज नंदुरबारचे नाव काढले की मिरचीचा बाजार आठवतो. त्या काळी मिरची या देशात आलेलीच नव्हती. ती पुढे पोर्तुगीजांनी आणली. म्हणजे ज्या नंदुरबारात इब्न बतूता जेवला, त्या नंदुरबारात तिखट मिरचीचे नव्हते! आपली म्हणून ज्या गोष्टी आपण छातीठोकपणे सांगतो, त्यांतल्या कितीतरी कोणा मुसाफिराच्या पडशीतून आलेल्या असतात.

पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. तो मालिकी पंथाचा काझी. शेजाऱ्याचा धर्म वेगळा, ताट वेगळे, सोयरिकीचे नियम वेगळे. तरी त्याने नोंद केली ती सरळ, माहिती देणारी. हे लोक काय खातात, काय टाळतात, कशात वाकबगार आहेत, एवढे त्याने पाहिले आणि लिहिले. आपण एका वाड्याला लागून दुसऱ्या वाड्यात राहतो, एकाच नळावर पाणी भरतो. शेजाऱ्याबद्दल एवढ्या सात ओळी तरी आपल्याला सरळपणे लिहिता येतील का? आणि शेजाऱ्याला आपल्याबद्दल? विद्यार्थ्यांना निबंधासाठी हा विषय द्यावा असे मला पुष्कळदा वाटते.

नंदुरबारहून तो पुढे 'सागर' नावाच्या गावी पोचला. अभ्यासक हे गाव म्हणजे तापीकडचे सोनगड मानतात. जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर नंदुरबार मागे पडते, नवापूरचे अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असलेले स्टेशन लागते, आणि पुढे उकाई-सोनगड येते. इब्न बतूताने तिथे मोठी नदी पाहिली, काठावर रहाट पाहिले, आणि रहाटाच्या पाण्यावर पोसलेल्या आंब्याच्या, केळीच्या व उसाच्या बागा पाहिल्या. रावेर-यावलच्या माणसाला हे वर्णन वाचून आपल्या शेताची आठवण होईल.

या गावचे लोक सालस, धर्मशील आणि विश्वासू आहेत, असे तो सांगतो. त्यांनी बागांमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांना उतरण्यासाठी खानकाह बांधल्या होत्या. जो कोणी खानकाह बांधी तो तिला एक बाग जोडून देई. देखरेख त्याच्या मुलांकडे राही. मुले नसली तर काझीकडे जाई. म्हणजे बांधणारा गेला तरी केळी पिकत राहणार, आणि केळी पिकतात तोवर वाटसरूला निवारा मिळणार. ही झाली चौदाव्या शतकातली, आपल्या तापीकाठची संस्था!

वाचकहो, दमास्कसचा वक्फ दूरचा वाटला असेल, तर हा जवळचा घ्या. शिक्षण संस्था म्हणजे दुसरे काय? कोणी जमीन दिली, कोणी वर्गखोली बांधली, कोणी वर्षाकाठी वर्गणी दिली. पदाधिकारी बदलतात, शिक्षक निवृत्त होतात, पण वर्ग भरत राहतो. विद्यार्थी हाही एक वाटसरूच आहे. तो येतो, दहा वर्षे उतरतो आणि पुढच्या मुक्कामाला जातो.

पुढे खंबायतहून समुद्रमार्गे दक्षिणेकडे जाताना, आजच्या कर्नाटकातील होन्नावर येथे त्याला जे दिसले, ते मी फळ्यावर लिहून ठेवावे असे आहे. त्या एका गावात मुलींच्या तेरा शाळा आणि मुलांच्या तेवीस शाळा होत्या. असे आपण दुसरीकडे कोठेही पाहिले नाही, असे तो म्हणतो. तिथल्या बायकांना कुराण मुखोद्गत होते. मुलींच्या शिक्षणाची कल्पना आपल्यावर बाहेरून लादली, असे अजूनही कोणी म्हणत असेल, तर त्याला होन्नावरच्या या तेरा शाळा दाखवाव्यात.

नंतर कालिकतला वादळ झाले. नजराण्यांचे जहाज फुटले, त्याचे सामान असलेले दुसरे जहाज निघून गेले. सुलतानाचा वकील किनाऱ्यावर उभा राहिला तेव्हा त्याच्यापाशी दहा दिनार आणि झोपायची सतरंजी एवढेच उरले होते. पण त्याचे शिक्षण बुडाले नव्हते. मालदीव बेटांवर गेल्यावर त्याला पुन्हा काझीपद मिळाले ते या शिक्षणाच्या बळावर. जहाजातले सामान समुद्र नेऊ शकतो, इल्म नेऊ शकत नाही.

१३४९ साली तो मोरोक्कोत परतला. वडील गेल्याची बातमी वाटेत दमास्कसलाच कळली होती. घर जवळ आल्यावर समजले की आईही प्लेगने गेली. पुढे स्पेन आणि आफ्रिकेतील माली हेही देश पाहून झाल्यावर मोरोक्कोच्या सुलतानाने त्याला आपली हकीकत सांगण्याची आज्ञा केली. इब्न जुझय या लेखकाने ती लिहून घेतली. डिसेंबर १३५५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. त्यालाच आपण 'रिहला' म्हणतो. दौलताबादवरून त्या काळी किती सरदार गेले असतील! त्यांतल्या बहुतेकांची नावे उरली नाहीत. सांगून लिहवून ठेवणारा मात्र उरला.

त्याचे सारेच अनुकरणीय होते असे मी म्हणणार नाही. तो गुलाम विकत घेई, भेट देई. ठिकठिकाणी लग्ने करी आणि सोडून जाई. ग्रंथातील काही भाग त्याने स्वतः पाहिलेला नसावा, अशी शंकाही अभ्यासक घेतात. हे सर्व आपण उघड्या डोळ्यांनी वाचावे. मोठ्या माणसाकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे समजणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आता शेवटचा मुद्दा. दरवर्षी शाळेत सहलीचे पत्रक निघते. वर्गात विचारले की पुष्कळ हात वर होतात. काही हात अर्धे वर होतात आणि हळूच खाली येतात. कारण विचारले तर एकजण म्हणतो, "सर, मला गाडी लागते." दुसरा म्हणतो, "सर, घरी पाहुणे येणार आहेत." ही कारणे बहुधा खरी नसतात. धुळ्यात यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा बाप, जळगावात केळीच्या गाड्या भरणारा बाप, त्याच्याकडे ती रक्कम त्या आठवड्यात नसते. मुलगा ते ओळखून असतो. तो बापाची लाज राखतो. मुलींचे हात तर वर येण्याआधीच थांबतात. एकीने सांगितले, "अब्बा म्हणतात, लग्न झाल्यावर फीर हवे तेवढे." वर्ग हसला, ती मात्र हसली नाही.

या मुलांसाठी माझे मागणे लहान आहे. संस्थेने एक मुसाफिर निधी उभारावा. त्यातून ज्याची ऐपत नाही त्या विद्यार्थ्याच्या सहलीचे पैसे भरले जावेत. एस.टी. महामंडळ शालेय सहलींना भाड्यात सवलत देते, तेव्हा रक्कम फार मोठी होणार नाही. मात्र एक अट असावी. लाभ घेणाऱ्याचे नाव सूचना फलकावर लागू नये, समारंभात पुकारले जाऊ नये, त्याच्याकडून आभाराचे भाषण घेतले जाऊ नये. वर्गशिक्षकाने गुपचूप यादी द्यावी, कार्यालयाने गुपचूप पावती फाडावी. दमास्कसच्या त्या पोराने फक्त तुकडे दाखवले होते. आमच्या पोरांना तर तेही दाखवायला लागू नयेत. वाटसरूचा हक्क म्हणजे हक्क.

मुलींच्या सहलीबरोबर शिक्षिका असाव्यात, आयांनाही बोलवावे. वडिलांची काळजी खोटी नसते. तिला उत्तर व्यवस्थेने द्यावे, मनाईने नव्हे.

आणि पहिली सहल मुंबईची काढण्याची घाई नको. पहिली सहल नंदुरबार आणि सोनगडची काढावी, दुसरी दौलताबादची. मुलांनी तापी पाहावी, बागा पाहाव्यात, बाजारात काय विकते ते विचारावे, वैद्यबुवांशी, विणकराशी, शेतकऱ्याशी बोलावे. प्रत्येकाने वहीत दोन पाने लिहावीत. त्यांतले उत्तम लेखन पुढच्या वर्षी याच स्मरणिकेत छापावे, म्हणजे आमचा खान्देश आमच्या मुलांच्या नजरेतून लिहिला जाईल.

कुराणात माणसाला पृथ्वीवर फिरून पाहण्याचे आवाहन पुन्हापुन्हा केलेले आहे. ते आवाहन करताना श्रीमंत-गरीब, मुलगा-मुलगी असा भेद केलेला नाही. तापीकाठच्या ज्या लोकांनी बागा जोडून खानकाह बांधल्या, त्यांतल्या एकाचेही नाव इब्न बतूताने लिहून ठेवलेले नाही. त्यांना नावाची गरज वाटली नसावी. वाटसरूला रात्री दार उघडे मिळाले, एवढे त्यांना पुरेसे झाले असेल. आपल्या संस्थेचेही दार तसेच उघडे राहो, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला पुढची वाट सापडो, एवढीच अल्लाहपाशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.